विंडोज १० च्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली. खालची उत्तरं तिच्या २२ मालिकेला धरून आहेत. पडद्यावरची बटणं आणि मेनू इंग्रजीत दिसतात. इथे त्यांची नावं देवनागरीत तशीच दिली आहेत.

विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार का?

नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सर्वसाधारण सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, एवढंच. घरगुती वापरकर्त्याने मायक्रोसॉफ्ट खात्यातून वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली, तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. कॉम्प्युटर त्यानंतरही चालेल. पण नव्या सापडलेल्या त्रुटी उघड्याच राहतील, आणि त्याच ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करायचे म्हणजे जोखीम.

खरी अडचण पुढची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेला, ८ जीबी रॅमचा, धडधाकट आय-फाइव्ह नियमात बसत नाही. अशा मशिनला भंगारात काढण्याचं तांत्रिक कारण काहीच नाही. लिनक्सचा विचार करावा तो मुख्यतः अशांनी.

लिनक्सचे इतके प्रकार आहेत, मग मिंटच का?

नवख्याला कमी चुकावं लागतं म्हणून. मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे खाली, फाइलींची खिडकी ओळखीची. आतून ते उबुंटू २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उबुंटूही चांगलं आहे, फक्त त्याची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी असल्यामुळे घरातल्या बाकीच्यांना सवय व्हायला वेळ लागतो. सी-डॅकचं बॉस लिनक्स सरकारी कार्यालयांच्या गरजा समोर ठेवून केलेलं आहे. काली लिनक्स हे सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे. हॅकिंगचे व्हिडिओ पाहून कॉलेजातली मुलं ते घरच्या एकमेव कॉम्प्युटरवर टाकतात आणि आठवड्याभरात विंडोजवर परत येतात. ते नको.

मिंटमध्ये सिनेमन आणि एक्सएफसीई या दोन आवृत्त्यांमधून निवड करा. रॅम ८ जीबी असेल तर सिनेमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. तिसरी माटे आहे, ती या दोघींच्या मधली. तिच्यावर फार विचार करण्याची गरज नाही.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का?

प्रोसेसर ६४ बिटचा हवा. गेल्या पंधरा वर्षांत घेतलेले जवळजवळ सगळे तसेच आहेत. मिंटची किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी सांगितलेली असते, पण २ जीबीवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन रडायला लागतं. ४ जीबी हीच खरी किमान समजा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर लिनक्स टाकूनही तो विजेसारखा होणार नाही. २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) घाला. वेगातला सगळ्यात मोठा फरक तिनेच पडतो. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली तर जुनं विंडोज आणि सगळा डेटा त्यात जसाच्या तसा राहतो. याच्याइतका निर्धास्त मार्ग दुसरा नाही. ज्यांना हा खर्च जमतो त्यांनी हेच करावं.

कोणी लिनक्सवर जाऊ नये?

कामाची यादी काढा आणि त्यातलं एकही काम पुढच्यांपैकी असेल तर विंडोज पूर्ण काढू नका:

- यूएसबी टोकनवरची डिजिटल सही वापरून जीएसटी, कंपनी कायद्याची कागदपत्रं किंवा निविदा भरणं. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर कधी अडेल याचा भरवसा नाही, आणि ते शेवटच्या तारखेलाच अडतं.
- टॅलीवर हिशेब.
- कोरल ड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड. फ्लेक्स छापणाऱ्याला कोरलची फाइल द्यायची असेल तर इंकस्केपने वेळ मारून नेता येते, धंदा चालवता येत नाही.
- श्री-लिपीत किंवा सी-डॅकच्या जुन्या आयएसएममध्ये टाइप केलेला मजकूर. याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.
- मुलांचा एमएस-सीआयटीचा सराव. तो विंडोज आणि एमएस ऑफिसवरच करावा लागतो.

उलट ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, ईमेल, चार पत्रं, एखादं एक्सेल आणि फोटो एवढंच आहे, तिथे दोन आठवड्यांत कुणाला फरक जाणवत नाही.

बँक, आधार, आयकर, सातबारा यांचं काय?

हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही तेच असतात. नेटबँकिंग, डिजिलॉकर, व्हॉट्सअॅप वेब, महाभूमीवरचा डिजिटल सही असलेला सातबारा यांत अडचण नाही. पगारदाराचं साधं विवरणपत्र पोर्टलवर ऑनलाइन भरून आधार ओटीपीने पडताळता येतं.

ई-आधारची पीडीएफ मिंटच्या डॉक्युमेंट व्ह्यूअरमध्ये उघडते. पासवर्ड तोच: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. पीडीएफवरची डिजिटल सही तपासायची असेल तर ऑक्युलर हे सॉफ्टवेअर घ्या. साध्या व्ह्यूअरमध्ये ती सोय नाही.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतील का?

उघडतील. मिंटमध्ये लिब्रेऑफिस आधीच असतं. साधी पत्रं आणि हिशेब नीट दिसतात. बिघडतात ते तीन ठिकाणी. एक, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली. दोन, चौकटी आणि चित्रं ठासून भरलेले वर्डचे अर्ज. तीन, फॉन्ट. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट लिनक्ससोबत येत नाहीत. त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलेडिया सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फुकट मिळतात, ते घातले की ओळी आणि पानं पुष्कळशी जागच्या जागी राहतात.

समोरच्याला फाइल पाठवताना सेव्ह अॅजमधून डॉक्स किंवा एक्सएलएसएक्स निवडा. मूळची ओडीटी फाइल पाठवलीत तर शाळेतून किंवा ऑफिसातून ‘उघडत नाही’ असा फोन येईल. फक्त वाचायचीच असेल तर पीडीएफ पाठवा. वर्डसारखा चेहरामोहरा हवा असेल त्यांनी ओन्लीऑफिस घालून पाहावं. अगदी मूळ वर्डच हवं असेल तर मायक्रोसॉफ्टची ब्राउझरमधली आवृत्ती चालते.

मराठी टाइप कसं करायचं?

इन्स्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर काहीच बसवावं लागत नाही. कीबोर्ड सेटिंग उघडा, लेआउट्स या टॅबमध्ये अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीतून ‘मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ निवडा. तिथेच ऑप्शन्समध्ये भाषा बदलण्यासाठी कळांची जोडी ठरवा. ऑल्ट आणि शिफ्ट सोयीची पडते. मांडणी विंडोजमधल्या इन्स्क्रिप्टसारखीच: के वर क, डी वर हलन्त, शिफ्ट-एन वर ळ. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, डी आणि मग य. साध्या र ने तो ‘दुसर्या’ होतो. ही चूक विंडोजवरही तितकीच होते.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची सवय जरा मोडावी लागते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजं घाला, इनपुट मेथड सेटिंगमध्ये आयबस निवडा, लॉग-आउट करून परत आत या आणि आयबसच्या यादीत मराठीखालचा ‘आयट्रान्स’ किंवा ‘फोनेटिक’ जोडा. लॉग-आउट न केल्यामुळे ‘काहीच होत नाही’ असं म्हणणारे बरेच असतात. गूगलच्या कीबोर्डसारखे शब्दांचे अंदाज इथे मिळत नाहीत. ठ साठी कॅपिटल टी आणि एच, दीर्घ ई साठी दोन आय, असं नेमकं टाइप करावं लागतं. एकदा हात बसला की वेग येतो. तरी नव्याने शिकणार असाल तर सरळ इन्स्क्रिप्टच शिका. ते विंडोज, लिनक्स आणि फोन, तिन्हींवर सारखंच आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा आणखी एक खड्डा आहे. देवनागरीसाठी तिथे वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार असतो. तुम्ही इंग्रजी फॉन्ट बदलता आणि मराठी अक्षरं हलत नाहीत, याचं कारण हे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि त्यासमोर मराठी निवडा. मग फॉरमॅटमधल्या कॅरेक्टर या खिडकीत दोन्ही फॉन्ट वेगवेगळे दिसतात. फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा लोहित मराठी घ्या. भाषा हिंदी राहिली तर नोटोमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात. मराठी निवडली की आपल्या वळणाचे येतात.

जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या फाइली?

त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो टीटीएफ फॉन्ट उचलून मिंटमध्ये डबल क्लिक करून बसवला की वाचता येतं आणि छापताही येतं. मात्र लिहिता येत नाही, कारण टाइप करणारा श्री-लिपीचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. म्हणून विंडोज काढण्याआधी महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा. बदलताना चुका तिथेच होतात.

प्रिंटर चालेल ना?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून मॉडेल नंबर बघूनच पुढे जा.

वायफायवाले अलीकडचे प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न घालताच यादीत येतात. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या पॅकेजवर चालतात, आणि ते मिंटमध्ये असतंच. त्यात अपवाद लेझरजेट १०२०, पी १००७, पी १००८ यांचा. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर कायमचं राहत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिपचं वेगळं प्लगइन इंटरनेटवरून घ्यावं लागतं. ते नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, ‘प्रिंटिंग’ म्हणतो आणि कागद हलत नाही. एपसनच्या टाकीवाल्या एल मालिकेला आणि ब्रदरला कंपनीचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात.

आता कॅनन एलबीपी २९००. झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसणारा हा प्रिंटर लिनक्सवर अवघड आहे. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना झाला आहे आणि नव्या प्रणालीवर तो बसवणं नवख्याचं काम नाही. स्वयंसेवकांनी लिहिलेला एक ड्रायव्हर आहे, पण तो मूळ कोडपासून स्वतः बनवावा (कंपाइल करावा) लागतो. तुमचा प्रिंटर हा असेल आणि छपाई रोजची असेल, तर एक विंडोज मशीन त्याच्यापाशी राहू द्या.

स्कॅनरसाठी मिंटमधलं डॉक्युमेंट स्कॅनर हे सॉफ्टवेअर उघडून पाहा. ही तपासणी पेनड्राइव्हवरूनच, काहीही इन्स्टॉल न करता होते.

डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे. तो तर सुरक्षित आहे ना?

नाही! सी, डी, ई हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे तुकडे असतात, दुकानदाराने पाडून दिलेले. विंडोज फॉरमॅट करताना ‘फक्त सी उडतं’ ही सवय लागलेली असते. मिंटच्या इन्स्टॉलरमधलं ‘इरेज डिस्क’ संपूर्ण डिस्क पुसतं, डी आणि ई सकट. लग्नाचे फोटो जातात ते याच बटणावर.

सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल या गोष्टी विसरल्या जातात. इन्स्टॉल करताना बाहेरची डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच निवडली जाणार नाही.

विंडोजमध्ये आधी काय करून ठेवायचं?

दोन गोष्टी. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का पाहा. असेल तर बंद करा आणि उलटं उकलणं पूर्ण होईपर्यंत थांबा, मोठ्या डिस्कला काही तास लागतात. बंद करायचं नसेल तर निदान रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की विंडोज ती मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

दुसरं, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेतल्या ड्राइव्हवर लिनक्स लिहू शकत नाही.

पेनड्राइव्ह कसा तयार करायचा?

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. तो पूर्ण पुसला जाणार आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलमध्ये) उतरवा. मोबाइल डेटावर ती अर्धवट उतरण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून संकेतस्थळावर दिलेला एसएचए २५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) आणि आपल्या फाइलचा आकडा जुळतो का ते पाहा. हा सोपस्कार वाटत असेल तर लक्षात घ्या की फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळच फोडून लोकांना छुप्या प्रोग्रॅमची आयएसओ दिली गेली होती.

मग विंडोजमध्ये रूफस हे पेनड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा आणि स्टार्ट दाबा. लिहिण्याची पद्धत आयएसओ की डीडी असं विचारलं तर आयएसओ. त्यातून सुरू झालं नाही तर दुसऱ्यांदा डीडी. पुसट छापाचे स्वस्त ‘६४ जीबी’ पेनड्राइव्ह टाळा. त्यातले बरेच आतून लहान असतात आणि चूक इन्स्टॉलच्या मध्यावर कळते. तयार झाल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हणा.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

पॉवर दाबल्या दाबल्या बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८. एसरवर एफ१२, पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. कळ सापडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट धरून रिस्टार्ट दाबा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. तरीही नाही तर पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या यूएसबीत लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांच्या वायरी अनेकदा सैल असतात.

इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतं का?

येतं, आणि पाहायलाच हवं. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं तरी डिस्कला हात लागत नाही. वायफाय जोडा, एक गाणं वाजवा, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅड, पडद्याचा प्रकाश आणि प्रिंटर तपासा. लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडा. झोपेतून न उठणं ही जुन्या लॅपटॉपची नेहमीची खोड आहे. पेनड्राइव्हवरून सगळं हळू चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना काय काय विचारतं?

लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण मधेच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते.

भाषा इंग्रजी ठेवा. मराठी निवडता येते, पण अडल्यावर शोधायला जाल तर सगळी मदत इंग्रजी मेनूंच्या नावाने मिळते. कीबोर्ड इंग्लिश यूएस. ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. मग डिस्कचा प्रश्न येतो: फक्त मिंट हवं असेल तर ‘इरेज डिस्क’, विंडोज ठेवायचं असेल तर ‘अलाँगसाइड’. वेळेसाठी नकाशावर कोलकाता. वापरकर्त्याचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत. पासवर्ड लिहून ठेवा, पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर घालताना तोच लागतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

इंटेलचे अलीकडचे लॅपटॉप डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या पद्धतीत ठेवतात. बायोसमध्ये ती बंद करून एएचसीआय करा. पण विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, ते निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये बूट या टॅबवर सेफ बूट लावा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग ती खूण काढा.

रिकामी जागा ‘अनयूजेबल’ का दाखवतो?

२०१२ च्या आसपासच्या मशिनमध्ये डिस्कची जुनी एमबीआर मांडणी असते आणि तिच्यात चारच प्रायमरी तुकडे मावतात. सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी, ई असे चार झाले की पाचव्याला जागा असूनही उपयोग नाही. ई मधला डेटा बाहेर काढा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ई काढून टाका आणि ती मोकळी जागा मिंटला द्या.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवू का?

शंका असेल तर ठेवा. मिंटला निदान ५० जीबी द्या, १०० असेल तर निवांत. सी ड्राइव्ह लहान करायचं काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा. क्रम आधी विंडोज, मग लिनक्स.

एकत्र नांदताना कुरबुरी होतात. विंडोजच्या अपडेटनंतर कधी कॉम्प्युटर थेट विंडोजमध्येच जायला लागतो. मिंट पुसलं गेलेलं नसतं, बायोसमध्ये बूटचा क्रम बदलला की परत दिसतं. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांना ‘एसबॅट’ची चूक दाखवून लिनक्स सुरूच झालं नव्हतं. असं झाल्यास बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद करून आत शिरा आणि मिंटची सगळी अपडेट घ्या.

दुसरी कुरबूर घड्याळाची. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत एकदा दिली की भांडण मिटतं.

वायफाय दिसत नाही. आता ड्रायव्हर उतरवू कसा?

फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला लगेच इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉम चिप असेल तर तिथे नाव दिसेल, निवडा, रिस्टार्ट करा. स्वस्त यूएसबी वायफाय डोंगलमधल्या काही रिअलटेक चिपा मात्र छळतात. तिथे ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा लिनक्सवर चालणारा दुसरा डोंगल घेणं शहाणपणाचं.

एनव्हिडिया कार्ड आहे आणि पडदा काळा पडतो.

पेनड्राइव्ह सुरू होताना येणाऱ्या पहिल्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा आणि त्यातून इन्स्टॉल करा. नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घाला. सिक्युअर बूट चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर घातलेला असूनही चालत नाही, आणि कारण कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं? एक्सई फाइल चालत नाही.

चालणार नाही, ती विंडोजची. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव शोधा, इन्स्टॉल दाबा. व्हीएलसी, क्रोमियम, जिम्प तिथे आहेत. काहींच्या दोन आवृत्त्या दिसतात: सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (स्वतःचा पाया सोबत आणणारं पॅकेज). पहिलं फ्लॅटपॅक घालताना सोबतचा पाया धरून १ जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो. मोबाइल डेटावर असाल तर सिस्टिम पॅकेज घ्या.

वाइन या सॉफ्टवेअरच्या मदतीने विंडोजची काही छोटी सॉफ्टवेअर चालतात. रोजीरोटीचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नका.

अँटिव्हायरस कोणता?

घरगुती वापराला नको. फायरवॉल मात्र मिंटमध्ये मुळात बंद असते. मेनूत ‘फायरवॉल’ शोधून चालू करा. अपडेट मॅनेजरची ढाल ठिपका दाखवेल तेव्हा अपडेट घ्या. ओटीपी विचारणाऱ्या भामट्याला तुमची प्रणाली कोणती याने फरक पडत नाही.

टाइमशिफ्ट म्हणजे बॅकअप का?

अर्धवट. ते प्रणालीचं चित्र साठवतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाही. अपडेटने काही मोडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं, म्हणून चालू जरूर करा. पण रोजच्या २ आणि आठवड्याची १ एवढ्याच प्रती ठेवा. १२८ जीबीच्या एसएसडीवर जास्त प्रती ठेवल्या की डिस्क गच्च भरते आणि एके दिवशी लॉगिनच होत नाही. आपल्या फाइलींसाठी मिंटमधलं बॅकअप टूल आणि बाहेरची डिस्क.

गेम?

स्टीमवरचे पुष्कळ गेम त्यातल्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सला दारातच अडवते. घरात व्हॅलोरंट खेळणारा मुलगा असेल तर चर्चा इथेच संपते.

टर्मिनल शिकावंच लागतं का?

रोजच्या वापराला नाही. कधी कुणी सांगितलेली आज्ञा चिकटवावी लागेल. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरांऐवजी तारका उमटतात, तो जातो आहे, एंटर मारा. न समजलेली, ‘आरएम’ने सुरू होणारी आज्ञा कुणाच्याही सांगण्यावरून चालवू नका, ती फाइली पुसते. पद्धतशीर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी धडे फुकट आहेत.

नाही जमलं तर विंडोजवर परत येता येईल?

येईल, तयारी आधी केली असेल तर. मिंट टाकण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा वेगळा ८ जीबीचा पेनड्राइव्ह करून ठेवा. मिंटवर गेल्यावर ते टूल चालत नाही. मूळ विंडोज अधिकृत असेल तर त्याचा परवाना मशिनशी बांधलेला असतो, तीच आवृत्ती, होम असेल तर होम, परत टाकली की इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं. विंडोजच्या इन्स्टॉलरला लिनक्सचे तुकडे नीट ओळखता येत नाहीत. डेटा बाहेर काढून झाल्यावर त्या डिस्कवरचे सगळे तुकडे तिथे डिलीट करा आणि उरलेल्या ‘अनअलोकेटेड’ जागेवर नेक्स्ट दाबा.